पंचावन्न मिलिमीटरवरून दिसलेली वारी

प्रश्न : मी उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला असून छायाचित्रण हा माझा विशेष विषय आहे. यंदा मी माउलींच्या पालखीसोबत पुण्याहून जेजुरीपर्यंत चालले आणि १,१४० छायाचित्रे काढली. त्यांतील वीस निवडून महिनाअखेर सादर करायची आहेत आणि सोबत ‘माझ्या छायाचित्रांतील बलस्थाने व उणिवा’ या विषयावर एक पान लिहून द्यायचे आहे. मी लिहिलेला मसुदा जोडला आहे. मैत्रिणींना सगळेच फोटो आवडले. सरांनी मात्र सगळे पाहून झाल्यावर ‘ठीक आहे, पण यात तुझे काय?’ एवढेच विचारले. त्याचा अर्थ मला नीट लागलेला नाही. स्वतःच्याच कामाचे मूल्यमापन प्रामाणिकपणे कसे करायचे?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : तुमच्या सरांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण तुम्हाला हवे असलेले बरेचसे उत्तर त्यात आहे. वारीचे जे आहे ते या फोटोंत आले आहे, परंतु पाहणारीचे काय आले आहे ते त्यांना सापडलेले नाही, असा त्याचा सरळ अर्थ. भगव्या पताका, डोक्यावरची तुळशीवृंदावने, जेजुरीत पालखीवर उधळला जाणारा भंडारा, दिवे घाटाच्या वळणांवरून चढत जाणारी माणसांची रांग हे सारे मुळातच इतके देखणे आहे की कॅमेरा कोणीही त्या दिशेला धरला तरी चित्र बरे येते. म्हणूनच वारी ही छायाचित्रणाच्या विद्यार्थ्याला स्वतःची फसवणूक करून घेण्यासाठी फार सोयीची जागा आहे. चित्रातला कोणता गुण विषयाचा आणि कोणता आपला, हे वेगळे केल्याशिवाय ‘बलस्थान’ या शब्दाखाली काहीही लिहू नये.

तुमच्या मसुद्यात बलस्थाने म्हणून ‘रंगांची चांगली जाण’, ‘भावना टिपण्याची हातोटी’ आणि ‘चिकाटी’ अशी नोंद आहे. उणिवांमध्ये ‘साधा कॅमेरा व एकच लेन्स’, ‘ढगाळ हवा’, ‘हात स्थिर नसणे’ आणि ‘आत्मविश्वासाचा अभाव’. हे पान तुमच्या वर्गातल्या दुसऱ्या कोणाच्याही फोटोंना टाचून पाहा. तिथेही जे वाक्य खपून जाते, ते वाक्य तुमच्या कामाविषयी काहीच सांगत नाही. ढगाळ हवा ही परिस्थिती झाली आणि ती त्या दिवशी रस्त्यावरच्या प्रत्येक छायाचित्रकाराला सारखीच होती. आत्मविश्वास हा स्वभावाचा भाग आहे; परीक्षकाला चौकटीत बोट ठेवून तो दाखवता येत नाही. रंगांची जाण तुमची की पताका शिवणाऱ्याची, हाही प्रश्न उरतोच. तुमच्या सगळ्या यादीत फोटो समोर ठेवून तपासता येईल अशी उणीव एकच आहे, हात स्थिर नसण्याची, आणि तपासल्यावर ती खोटी ठरते. त्याकडे पुढे येतो.

तुम्ही निवडलेल्या वीस फोटोंसोबत, चुकून की जाणूनबुजून ते ठाऊक नाही, उरलेल्या १,१२० फ्रेम्सचा फोल्डरही पाठवला आहे. मी तो आधी उघडला. निवडलेल्या वीसांतून तुम्हाला काय दाखवायचे आहे ते कळते; उरलेल्यांतून तुम्ही पाहता कशा ते कळते, आणि मूल्यमापन याच दुसऱ्या गोष्टीचे करायचे असते. फिल्मच्या काळात आम्हाला हे आपोआप घडत असे. छत्तीस फ्रेम्सच्या रोलच्या पट्ट्या एकाच कागदावर शेजारी शेजारी ठेवून त्यांचा कॉन्टॅक्ट प्रिंट काढला जाई, आणि भिंगातून तो पाहताना एका चांगल्या फ्रेमच्या अलीकडे-पलीकडे आपण काय करत होतो याची चोरी लपत नसे. डिजिटलमध्ये वाईट फ्रेम तिथल्या तिथे पुसून टाकता येते, आणि तिच्याबरोबर तो पुरावाही जातो. तुम्ही काहीही पुसलेले नाही, ही या कामात मला पहिली आवडलेली गोष्ट.

आता त्या फोल्डरचा हिशेब. प्रत्येक डिजिटल फाइलमध्ये लेन्सचा झूम, अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारे लेन्सचे छिद्र), शटर स्पीड (प्रकाश किती वेळ आत येतो) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) यांची नोंद असते आणि फोटो पाहण्याच्या साध्या सॉफ्टवेअरमध्येही ती वाचता येते. तुमच्या १,१४० फ्रेम्सपैकी ७६४ फ्रेम्स ५५ मिलिमीटरवर, म्हणजे तुमच्या १८-५५ लेन्सच्या अगदी शेवटच्या टोकाला झूम करून काढलेल्या आहेत. १८ मिलिमीटरवर, म्हणजे सर्वांत रुंद दृश्य घेणाऱ्या टोकाला, अवघ्या ६१ आहेत, आणि त्यांतील बहुतेक दिवे घाटाच्या निसर्गदृश्याच्या आहेत. निवडलेल्या वीसांपैकी सोळा ५५ वर आहेत, आणि त्यांतल्याही नऊ तुम्ही नंतर क्रॉप करून, म्हणजे कडा कापून, माणूस आणखी जवळ ओढला आहे. याचा अर्थ असा की तीन दिवस तुम्ही रस्त्याच्या कडेला, दुभाजकावर, पाराच्या ओट्यावर उभ्या राहून वारी पाहिली आणि मधले अंतर लेन्सने कापायचा प्रयत्न केला. तुमच्या मसुद्यात नसलेली आणि तुमच्या जवळजवळ प्रत्येक फ्रेममध्ये असलेली गोष्ट ही आहे.

याला लगेच उणीव म्हणण्याची घाई मी करणार नाही, तुम्हीही करू नका. दूर उभे राहण्याने तुम्हाला काहीतरी मिळालेले आहे. फ्रेम क्रमांक २ मध्ये, घाटाच्या वरच्या वळणावरून काढलेल्या, दिंडीतल्या टाळकऱ्यांच्या ओळी रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्याला तिरक्या छेदत जातात आणि एकाच ओळीतले सगळे पाय एकाच क्षणी उचललेले आहेत. क्रमांक १७ मध्ये पाण्याच्या टँकरला लागलेल्या नळांपुढे वाकलेल्या नऊ पाठी आहेत आणि त्यांच्यात फक्त एक माणूस ताठ उभा आहे. गर्दीत लय, पुनरावृत्ती आणि तिला छेद देणारा एक अपवाद तुम्हाला चटकन दिसतो. हे सर्वांना दिसत नाही आणि शिकवूनही लवकर येत नाही. दहावीपर्यंत एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसलेल्या मुलांपैकी काहींच्या अंगात संकल्पचित्राची शिस्त कायमची मुरते, तशी ती तुमच्यात मुरलेली दिसते. हे बलस्थान आहे, ते विषयाचे नसून तुमचे आहे, आणि मसुद्यात त्याचा उल्लेखच नाही.

त्याच सवयीची दुसरी बाजू पाहा. तुमची लेन्स १८ मिलिमीटरवर एफ ३.५ इतकी उघडते, तर ५५ वर एफ ५.६ च्या पलीकडे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). म्हणजे झूम पूर्ण लांबवला की आत येणारा प्रकाश सुमारे अडीच पटींनी घटतो. आषाढातल्या ढगाळ दुपारी, आणि त्याहूनही संध्याकाळी तळावर, कॅमेऱ्याने ही तूट कधी आयएसओ वाढवून, तर कधी शटर मंद करून भरून काढली. त्यामुळे सासवडच्या तळावरच्या फ्रेम्समध्ये चेहऱ्यांवर रवा सांडल्यासारखे दाणे आले आहेत, आणि दुपारच्या पुष्कळ फ्रेम्स १/६० सेकंदावर आहेत. तुम्ही ‘खराब’ अशी खूण केलेल्या १३८ फ्रेम्सपैकी चाळीस मी पूर्ण मोठ्या करून पाहिल्या. त्यांतल्या एकतीस फ्रेम्समध्ये मैलाचा दगड, डांबरावरची खडी, कडेच्या दुकानाची पाटी सगळे अगदी स्वच्छ आहे. पुसट झालेले आहेत ते चालणाऱ्यांचे हात आणि पाय. हात हलला असता तर संपूर्ण चौकट एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसली असती. फोकस चुकला असता तर माणसाच्या पुढचे किंवा मागचे काहीतरी टोकदार दिसले असते. इथे माणसे चालत होती आणि शटर मंद होते, एवढेच झाले आहे. चौकटीत आडव्या चालणाऱ्या माणसाला थांबवायला १/२५० किंवा त्याहून वेगवान शटर लागते. तेव्हा ‘हात स्थिर नाही’ हे वाक्य खोडा. तुमचा हात चांगला स्थिर आहे. शटर स्पीड तुम्ही स्वतः ठरवला नाही, ही उणीव आहे, आणि पुढच्याच रविवारी आठवड्याच्या बाजारात दोन तास उभे राहून ती दूर करता येईल अशी आहे.

चुकीची उणीव कबूल करणे हे खोट्या बढाईइतकेच निरुपयोगी असते, किंबहुना अधिकच, कारण ते नम्रपणासारखे दिसते आणि कोणी हटकत नाही.

एक्सपोजरविषयी, म्हणजे फोटोला मिळालेल्या एकूण प्रकाशाविषयी, तुम्ही काहीच लिहिलेले नाही, आणि तिथे लिहिण्यासारखे आहे. कॅमेऱ्यातला मीटर समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेइतकी आहे असे गृहीत धरून चालतो. वारीत समोर पांढरी धोतरे, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या आणि वर पांढुरके आभाळ. मीटरला वाटते प्रकाश फार आहे, म्हणून तो सगळेच दाबतो. धोतर करडे होते, ते चालून जाते. पण टोपीखालचा, उन्हाने रापलेला चेहरा पार काळवंडतो. क्रमांक ६, ११ आणि १४ मध्ये नेमके हेच झाले आहे आणि तुम्ही ते ‘नाट्यमय प्रकाश’ म्हणून ठेवून दिले आहे, असा मला दाट संशय आहे. चेहऱ्यासाठी एक्सपोजर पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) वाढवायचे आणि त्याच वेळी सदऱ्याच्या पांढऱ्यातला तपशील उडत नाही ना हे हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड-अंधाराच्या आलेखावर, पाहायचे, ही ओढाताण वारी चित्रित करणाऱ्या प्रत्येकाला करावी लागते. ती तुम्ही केली नाही, कॅमेऱ्यावर सोडली. पानावर ‘एक्सपोजर कच्चे आहे’ असे लिहू नका. ‘पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीत मी एक्सपोजर मीटरवर सोडले, त्यामुळे या तीन फ्रेम्समध्ये चेहरे काळवंडले’ असे लिहा. पहिल्या वाक्यातून परीक्षकाला तुमची नाराजी तेवढी कळते, दुसऱ्यातून चुकीचे कारण तुम्हाला कळले आहे हे कळते.

‘चिकाटी’ या शब्दावर थोडे थांबावे लागेल, कारण तो मला माझ्या विद्यार्थिदशेची आठवण करून देतो. वार्षिक प्रदर्शनासाठी मी नरसोबाच्या वाडीला कृष्णेच्या पाण्यात गुडघाभर उभा राहून पहाटेपासून दोन तास एका नावाड्याची वाट पाहिली होती. तो आला, मी फोटो काढला, स्वतः डार्करूममध्ये मोठा प्रिंट केला आणि माझ्या सगळ्या कामात त्याला पहिला क्रमांक दिला. आमच्या शिक्षकांनी तो प्रिंट टेबलावर उलटा, म्हणजे डोके खाली पाय वर असा ठेवला आणि विचारले, ‘पाणी किती थंड होते, हे यात कुठे दिसते?’ उलट्या प्रिंटमध्ये नावाडी नावाडी राहिला नव्हता. एक काळा ठिपका बरोबर मध्यभागी अडकला होता आणि बाकीचा कागद रिकामा होता. दोन तासांचे गारठणे फक्त माझ्या पायांना माहीत होते. फोटो उलटा करून पाहण्याची ती युक्ती तुम्हीही करून पाहा. नाव, आठवण आणि श्रद्धा गळून पडतात आणि उरतात ते फक्त आकार. तुमच्या क्रमांक ९ ला, हात जोडलेल्या आजोबांच्या फोटोला, ती युक्ती मानवणार नाही असे मला वाटते: पताकेची काठी थेट त्यांच्या डोक्यातून उगवलेली आहे आणि डाव्या कडेला कोणाचा तरी अर्धा कोपर आत आला आहे. समोर उभ्या असताना ते तुम्हाला दिसले नाही, कारण तुम्ही आजोबांकडे पाहत होतात, चौकटीच्या कडांकडे नाही.

फोटो काढतानाची भावना आणि फोटोत उतरलेली गोष्ट यांत गल्लत होऊ नये म्हणून अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड आपले रोल वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ, न धुता तसेच ठेवीत. तो क्षण स्मरणातून विझला की फोटो परक्याच्या नजरेने पाहता येतात, अशी त्यांची धारणा होती. (ही शिस्त शेवटी फार ताणली गेली असावी, १९८४ मध्ये ते गेले तेव्हा सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले निघाले.) तुमच्याकडे महिनाच आहे. तरीही आठ दिवस फोल्डर उघडू नका, आणि उघडाल तेव्हा निवडलेल्या वीसांपासून सुरुवात करू नका.

आता ज्या फ्रेमसाठी मी हे उत्तर एवढे लांबवत आहे तिच्याकडे येतो. जेजुरीच्या अलीकडे, फाइल क्रमांक ८७१. धुतलेले एक हिरवे नऊवारी लुगडे दोन बायका दोन टोकांना धरून रस्त्याच्या कडेने चालल्या आहेत, चालता चालताच ते वाळावे म्हणून. वारा आत शिरून लुगड्याचे शीड झाले आहे. उजवीकडची बाई तोंडाने काठ धरून दोन्ही हातांनी केसांचा बुचडा बांधते आहे. ओल्या कापडातून उजेड आरपार येतो आहे आणि पलीकडे एका लहान मुलाची फक्त सावली दिसते, हात वर केलेली, बहुधा लुगड्याला खालून ढुशा देणारी. मागे एका मालट्रकचा अर्धा भाग आला आहे. ही फ्रेम २४ मिलिमीटरवर आहे, म्हणजे तुम्ही त्या बायकांपासून चार-पाच पावलांवर होतात. अशी फ्रेम तुमच्या १,१४० मध्ये दुसरी नाही, आणि तुम्ही तिच्यावर ‘खराब, ट्रक मध्ये’ अशी खूण केली आहे.

तिच्या आधीची आणि नंतरची फाइल पाहा. आधीची आहे दूरवरून येणाऱ्या पताकांची. नंतरची, वेळेच्या नोंदीनुसार सहा मिनिटांनंतरची, पुन्हा पताकांची. म्हणजे तुम्ही जवळ गेलात, एकदा बटण दाबले, ट्रक दिसला आणि निघून गेलात. दोन पावले डावीकडे सरकला असतात तर लुगड्यानेच तो ट्रक झाकला असता. भंडाऱ्याच्या उधळणीचे मात्र तुम्ही अर्ध्या तासात २१२ फोटो काढले आहेत. जिथे सगळे कॅमेरे होते तिथे २१२ आणि जिथे तुम्ही एकट्या होतात तिथे एक. तुमच्या उणिवांच्या पानावर एकच वाक्य लिहायची मुभा असती तर मी हे लिहिले असते. ‘यात तुझे काय?’ या प्रश्नाचे उत्तरही तिथेच आहे, पण ते सरांपुढे गेलेच नाही.

आत्मविश्वासाचा अभाव असे तुम्ही ज्याला म्हणता ते कदाचित हेच असेल, परंतु आता त्याला फ्रेमचा क्रमांक आहे आणि त्यावर काम करता येईल. वारीत प्रत्येक जण प्रत्येकाला माउली म्हणतो. ‘माउली, एक फोटो काढू का?’ असे विचारून जवळ जाण्यासाठी महाराष्ट्रात याहून सोपी जागा मिळायची नाही. तुमच्या वीस फोटोंपैकी एकाखालीही माणसाचे, गावाचे किंवा दिंडीचे नाव नाही, याचे कारणही अंतरच आहे. ज्यांच्याशी बोलणे झाले नाही त्यांची नावे येणार कुठून? मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवरचे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांचे काम मिळेल तिथे पाहून घ्या. छायाचित्रकार किती जवळ उभा आहे, आणि त्या जवळिकीला समोरच्याची संमती आहे की नाही, हे फोटोतल्या माणसांच्या नजरेवरून कळते. माझा आग्रह फक्त लेन्ससाठी नाही. १८ मिलिमीटरची लेन्स न विचारता कोणाच्या तोंडासमोर धरणे हा उपाय नव्हे.

‘साधा कॅमेरा’ ही तक्रार मी पूर्णपणे फेटाळणार नाही. रात्रीच्या कीर्तनाच्या फ्रेम्समध्ये दिसणारे दाणे काही अंशी तुमच्या लेन्सच्या मर्यादेमुळेच आहेत, आणि ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स असती तर तिथे खरोखर फरक पडला असता. पण तक्रार करण्याआधी प्रत्येक सदोष फ्रेमला विचारावे की महागडा कॅमेरा असता तर ही सुधारली असती का. काठी डोक्यातून उगवली नसती का? कोपर बाहेर राहिला असता का? ट्रक हटला असता का? तुमच्या वीसांना हा प्रश्न लावल्यावर फार तर दोन फ्रेम्सपुरते ‘हो’ असे उत्तर येते. पानावर त्या दोघींचेच क्रमांक लिहा.

निवडीबद्दल थोडे. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक यांनी १९५५-५६ मध्ये अमेरिकाभर फिरून सुमारे सत्तावीस हजार फ्रेम्स काढल्या आणि आपल्या पुस्तकात ८३ ठेवल्या. त्या हिशेबाने तुमच्या वाट्याला साडेतीन फोटो येतात, आणि खरे सांगायचे तर माझा आकडाही त्याच्या जवळपासच आहे: क्रमांक २, क्रमांक १७, फाइल ८७१ आणि, थोडे रेटून, क्रमांक ५. महाविद्यालयाला वीस हवेत म्हणून वीस द्यावे लागतील, त्याला इलाज नाही. पण उरलेले सोळा हे आधाराचे फोटो आहेत हे तुम्हाला माहीत असले पाहिजे. मोबाइलवर सरकवत निवड करू नका. साठ-सत्तर फोटोंचे छोटे, पोस्टकार्डाएवढे प्रिंट काढा, घरात पसरून ठेवा आणि दोन-तीन दिवस येता-जाता पाहत राहा. एकसारखे फोटो शेजारी शेजारी आले की एकमेकांना आपोआप मारतात. भंडाऱ्याचे पाच फोटो तुम्ही घेतले आहेत. जमिनीवर ठेवल्यावर त्यांतल्या चारांमधला कोणता कोणता, हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

मैत्रिणींना ‘कसे वाटले?’ असे विचारले की ‘छान’ हेच उत्तर येणार, त्यात त्यांचा काही दोष नाही. एका प्रिंटवर दहा सेकंद नजर टाकायला सांगा, प्रिंट पालथा घाला आणि विचारा, ‘काय दिसले?’ वारीला कधीही न गेलेल्या, शक्य असल्यास वारी म्हणजे काय हेही माहीत नसलेल्या माणसाला विचारलेत तर अधिक चांगले. तो जे आधी सांगेल ते फोटोत आहे. जे तुम्हाला त्याला समजावून सांगावे लागेल ते तुमच्या मनात आहे, फोटोत नाही. क्रॉप करणे हे पाप नव्हे. डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांचा १९३२ चा प्रसिद्ध फोटोही क्रॉप केलेला आहे, आणि ते सहसा क्रॉप करत नसत. तुमच्या नऊ क्रॉप्सना मात्र एकच कारण आहे, आणि ते वर येऊन गेले आहे.

पान कसे लिहावे याचा एक नमुना देतो. तो जसाच्या तसा उतरवू नये, हे वेगळे सांगायला नको. ‘माझ्या १,१४० फ्रेम्सपैकी दोन तृतीयांश फ्रेम्स ५५ मिलिमीटरवर आहेत. दूर उभी राहिल्यामुळे गर्दीतली लय आणि तिला छेद देणारा अपवाद मला चटकन दिसतो. क्रमांक २ व १७ मध्ये तो उतरला आहे. त्याच सवयीमुळे क्रमांक ६, ८, ११ व १४ मध्ये माणूस चेहऱ्यावरून नव्हे, पोशाखावरून ओळखावा लागतो.’ यात ‘उत्कृष्ट’ नाही, ‘अजून शिकत आहे’ नाही, आणि प्रत्येक विधान परीक्षकाला फोटो उचलून पडताळता येते. बलस्थाने आणि उणिवा असे दोन वेगळे रकाने आखण्याचीही गरज नाही. तुमच्या बाबतीत ती एकाच सवयीची दोन टोके आहेत, त्यामुळे एकाच परिच्छेदात आली तर अधिक खरी वाटतील.

फाइल ८७१ ट्रकसकट वीसांत घ्या. तिच्यासाठी भंडाऱ्याच्या पाचांतली कोणती बाहेर काढायची ते तुम्हीच ठरवा, आणि तीच का काढली हे त्या पानावर एका ओळीत लिहा.